रोह्याचे देशमुख राष्ट्रपतिपदासाठी लढले, पण त्यांना ‘रनिंग मेट’ का नव्हता?

अमेरिकेत जोडीने निवडणूक, आपल्याकडे प्रत्येकाची वेगळी. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि आजच्या पेण-रोहा नगर परिषदा यांच्या आधारे समजून घेऊ, ‘दुसऱ्या नावा’चा हा प्रश्न नेमका काय आहे.

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार नक्की झाला की लगेच दुसरी चर्चा सुरू होते: जोडीला कोण? २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी १५ जुलैला जे. डी. व्हान्स यांचे नाव जाहीर केले. कमला हॅरिस यांनी ६ ऑगस्टला टिम वॉल्झ यांना निवडले. दोन्ही वेळा त्या दिवसाची सर्वांत मोठी बातमी तीच होती. उपाध्यक्षपदाच्या या जोडीदार उमेदवाराला तिकडे ‘रनिंग मेट’ म्हणतात.

आपल्याकडे राष्ट्रपती आहेत आणि उपराष्ट्रपतीही आहेत. नगराध्यक्ष आहेत, उपाध्यक्ष आहेत. सरपंच आहेत, उपसरपंच आहेत. पण यातल्या एकाही निवडणुकीत ‘आम्हा दोघांना निवडून द्या’ असे सांगत कायदेशीर जोडी उभी राहत नाही. असे का? आणि त्याने पेण किंवा रोह्यातल्या मतदाराला काही फरक पडतो का? पडतो, आणि तो कसा हे समजून घ्यायला रायगडच्याच एका उमेदवाराची गोष्ट उपयोगी पडते.

आधी अमेरिका: जोडीची पद्धत आली कुठून?

सुरुवातीला अमेरिकेतही जोडी नव्हती. सर्वाधिक मते मिळवणारा अध्यक्ष आणि दुसऱ्या क्रमांकाचा उपाध्यक्ष, असा साधा नियम होता. कागदावर तो ठीक वाटतो. १७९६ मध्ये त्याचा परिणाम दिसला. जॉन ॲडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन उपाध्यक्ष. म्हणजे ज्याला हरवले, तोच चार वर्षे शेजारी बसला.

१८०० मध्ये गोंधळ आणखी वाढला. जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. बर यांना उपाध्यक्ष करायचे असे पक्षात ठरले होते, पण मत देताना ‘हे अध्यक्षासाठी आणि हे उपाध्यक्षासाठी’ असे लिहिण्याची सोयच नव्हती. प्रकरण प्रतिनिधिगृहात गेले आणि तिथे ३६ व्या फेरीत जेफरसन निवडले गेले. त्यानंतर १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती झाली आणि दोन पदांसाठी दोन वेगळी मते सुरू झाली. पक्षांनी त्यासाठी दोन नावे एकत्र द्यायला सुरुवात केली. आजची जोडी त्यातून आली.

निवडताना काय पाहतात?

पहिला हिशेब मतांचा. १९६० मध्ये ईशान्येकडच्या मॅसॅच्युसेट्सचे जॉन केनेडी यांनी टेक्सासचे लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले. दक्षिणेत केनेडींना आधार हवा होता, आणि टेक्सास त्यांनी जिंकलेही. आपल्याकडे तिकीटवाटपात ‘हा पूर्वेकडचा, तो पश्चिमेकडचा, हा या समाजाचा, तो त्या’ असा तोल साधतात, तसाच हा प्रकार.

दुसरा हिशेब नियमांचा. एखाद्या राज्याचे निर्वाचक दोन्ही पदांसाठी आपल्याच राज्यातल्या दोघांना मत देऊ शकत नाहीत. २००० मध्ये जॉर्ज बुश टेक्सासचे होते आणि डिक चेनीही तिथेच राहत होते. चेनींनी आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. बुश यांना शेवटी २७१ निर्वाचक मते मिळाली, बहुमताला २७० लागतात. टेक्सासची ३२ मते होती. नोंदणी न हलवती तर काय झाले असते, हे त्या आकड्यांतच दिसते.

तिसरा हिशेब सर्वांत महत्त्वाचा आणि अनेकदा सर्वांत दुर्लक्षित: उद्या खुर्ची रिकामी झाली तर हा माणूस ती सांभाळेल का? अमेरिकेत आठ अध्यक्षांचा पदावर असताना मृत्यू झाला आणि एकाने राजीनामा दिला. म्हणजे नऊ वेळा ‘दुसरे नाव’ पहिले झाले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १२ एप्रिल १९४५ रोजी निधन झाले, तेव्हा हॅरी ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन जेमतेम ८२ दिवस झाले होते. महायुद्ध संपवण्याचे निर्णय त्यांच्यावर आले.

घाईत निवड केली तर काय होते, याचे उदाहरण १९७२ चे आहे. जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी टॉम ईगलटन यांना निवडले. नैराश्यासाठी त्यांच्यावर रुग्णालयात उपचार झाले होते ही माहिती नंतर बाहेर आली आणि १८ दिवसांत ईगलटन यांना माघार घ्यावी लागली. आज उमेदवाराचे वकील आणि सल्लागार संभाव्य जोडीदाराची कर्जे, करविवरणे, जुनी भाषणे आणि आजारपणे महिनोन् महिने तपासतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

भारतात ही जोडी का नाही?

कारण दोघांना निवडणारे मतदारच वेगळे आहेत. राष्ट्रपतींना संसदेच्या दोन्ही सभागृहांतले निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार निवडतात. उपराष्ट्रपतींना फक्त खासदार निवडतात, त्यात नामनियुक्त खासदारही असतात. आमदारांना तिथे मत नाही.

रायगडच्या भाषेत सांगायचे तर, महाराष्ट्रातल्या प्रत्येक आमदाराप्रमाणे पेणच्या आमदाराच्या मताचे मूल्य राष्ट्रपती निवडताना १७५ असते. हे मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेले आहे. उपराष्ट्रपती निवडताना त्याच आमदाराच्या मताचे मूल्य शून्य. पेण आणि रोहा ज्या रायगड लोकसभा मतदारसंघात येतात, तिथल्या खासदाराला मात्र दोन्हीकडे मत आहे.

यामागचा विचारही वेगळा आहे. अमेरिकेचा अध्यक्ष सरकार चालवतो. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात. उपराष्ट्रपतींचे रोजचे काम राज्यसभेचे सभापती म्हणून असते. म्हणून ते राष्ट्रपतींचे ‘सहकारी’ असावेत अशी अपेक्षाच नाही. २००७ मध्ये तर तेव्हाचे उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत प्रतिभा पाटील यांच्याविरुद्ध राष्ट्रपतिपदासाठी लढले आणि हरले.

१९६९: रोह्यात वाढलेला उमेदवार

आता रायगडच्या त्या उमेदवाराकडे वळू. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच सी. डी. देशमुख, यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावचा. बालपण बरेचसे रोह्यात गेले. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, पुढे आयसीएस झाले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. १९५२ ची पहिली लोकसभा निवडणूक त्यांनी कुलाबा मतदारसंघातून जिंकली. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, ही आठवण जुन्या पिढीत अजून सांगितली जाते.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. नव्या निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी. व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी सी. डी. देशमुखांना उभे केले. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. मैदानात एकूण १५ उमेदवार होते.

देशमुखांना रनिंग मेट नव्हता, कारण कायद्यात तशी जागाच नव्हती. पण मतपत्रिकेवर एक ‘दुसरे नाव’ होते, आणि निकाल त्यानेच ठरवला. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदार पसंतीक्रम देतो: १, २, ३ असा. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत मागचे उमेदवार एकेक करून बाद होतात आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाते.

काँग्रेसचे अध्यक्ष एस. निजलिंगप्पा यांनी हेच ओळखून जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली. देशमुखांना पहिली पसंती द्या, पण दुसरी रेड्डींना द्या, असा तो आग्रह होता. इंदिरा गांधींच्या गटाने त्यावरच बोट ठेवले आणि काँग्रेसजनांना सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन झाले. त्याचा फायदा गिरींना झाला.

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० ऑगस्टला मोजणी. मतमूल्याचे आकडे असे होते:

• पहिली पसंती: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९.
• विजयासाठी लागणारा कोटा: ४,१८,१६९.
• पुढच्या पसंती धरून अंतिम: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

हे आकडे नीट पाहा. गिरींना कोट्यासाठी १६,६५४ कमी पडत होते. देशमुख आणि इतर बाद उमेदवारांच्या मतपत्रिकांवरून रेड्डींना तब्बल ९१,८७९ मिळाले आणि गिरींना फक्त १८,५६२. ठरल्याप्रमाणे मोठा वाटा रेड्डींकडेच गेला. पण गिरींना लागत होते तेवढे मिळाले आणि ते राष्ट्रपती झाले. देशाच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीवर निकाल लागला तो आजवर याच एका वेळी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेस फुटली.

आणि ३५ दिवस दोन्ही खुर्च्या रिकाम्या

या निवडणुकीची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. झाकीर हुसेन गेल्यावर उपराष्ट्रपती गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. मग निवडणूक लढवण्यासाठी गिरींनी २० जुलैला राजीनामा दिला. आता देशाला राष्ट्रपतीही नव्हते आणि उपराष्ट्रपतीही नव्हते.

अशी वेळ आली तर काय, याचे थेट उत्तर घटनेत दिलेले नव्हते. ते संसदेवर सोपवले होते. संसदेने मे १९६९ मध्येच त्यासाठी कायदा केला होता: दोन्ही पदे रिकामी असतील तर सरन्यायाधीश काम पाहतील. त्यानुसार सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला २४ ऑगस्टपर्यंत, म्हणजे ३५ दिवस, राष्ट्रपतींचे काम पाहत होते. याच काळात अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीला आले. त्यांचे यजमान कार्यवाहक राष्ट्रपती हिदायतुल्ला होते.

योगायोग असा की निक्सन स्वतः एकेकाळी आयझेनहॉवर यांचे रनिंग मेट होते. आणि पुढे चार वर्षांनी त्यांचे स्वतःचे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांना राजीनामा द्यावा लागला. १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार निक्सन यांनी जेराल्ड फोर्ड यांचे नाव सुचवले, संसदेने ते मंजूर केले आणि १९७४ मध्ये निक्सन गेल्यावर फोर्ड अध्यक्ष झाले. देशभरातल्या मतदारांनी त्यांना दोन्हीपैकी एकाही पदासाठी निवडलेले नव्हते. म्हणजे जोडीची पद्धत असूनही प्रश्न पूर्ण सुटत नाही. मात्र ‘यांच्यानंतर कोण?’ हे मतदानाआधी विचारण्याची सवय त्या पद्धतीने लावली.

आपल्याकडेही हा प्रश्न जुना झालेला नाही. २१ जुलै २०२५ रोजी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी मुदतीआधी राजीनामा दिला. ९ सप्टेंबरला सी. पी. राधाकृष्णन निवडून आले. मधल्या काळात उपराष्ट्रपतिपद रिकामे होते.

पेण आणि रोह्यात मतदार नेमके कोणाला निवडतो?

आता घराजवळ येऊ. आपल्याकडे पंतप्रधान आणि मुख्यमंत्री थेट निवडले जात नाहीत. पण नगराध्यक्ष आणि सरपंच थेट जनतेतून निवडले जातात. म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या सर्वांत जवळ जाणारी आपली निवडणूक दिल्लीत नाही, ती पेणच्या आणि रोह्याच्या मतदान केंद्रावर होते.

ही पद्धत सरकारनुसार बदलत आली. २०१६ मध्ये थेट नगराध्यक्ष आला, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून निवड करण्याचे ठरले आणि २०२२ मध्ये थेट निवड परत आली. त्यानुसार राज्यात नगर परिषदांसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले आणि २१ डिसेंबरला मोजणी झाली. दोन जागांच्या प्रभागात मतदाराने तीन मते द्यायची: एक नगराध्यक्षासाठी, दोन नगरसेवकांसाठी.

उपाध्यक्षासाठी मात्र मतदाराला मत नसते. निवडून आलेले नगरसेवक आपल्यातून उपाध्यक्ष निवडतात. ग्रामपंचायतीत उपसरपंचाचेही तसेच. यातून तीन गोष्टी होतात.

एक: नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्या पक्षाचे, असे होऊ शकते. २०१६ नंतर राज्यात अनेक ठिकाणी तसे झाले. अशा वेळी उपाध्यक्ष विरोधी गटाचा असू शकतो. १७९६ मध्ये ॲडम्स आणि जेफरसन यांचे जे झाले, तेच इथे घडते.

दोन: नगराध्यक्षपदाचे आरक्षण सोडतीने ठरते. उपाध्यक्षपदासाठी अशी सोडत निघत नाही. त्यामुळे नगराध्यक्षपद महिलेसाठी किंवा एखाद्या प्रवर्गासाठी राखीव झाले की काही ठिकाणी गटांचे सगळे लक्ष उपाध्यक्षपदाकडे वळते. खुर्ची एकाकडे आणि कारभार दुसऱ्याकडे, असा धोका इथेच असतो.

तीन: उपाध्यक्ष किंवा उपसरपंच पद वाटून घेतले जाते. ‘सव्वा वर्ष तुमचे, मग आमचे’ हा शब्द बैठकीत दिला जातो. मतदाराला तो कुठेही लेखी दिसत नाही. राजीनामा ठरल्या तारखेला आला नाही की मगच तो बाहेर कळतो.

हीच तऱ्हा वरच्या पातळीवरही दिसते. उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाही. महाराष्ट्रात १९७८ मध्ये नाशिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले, तेही आघाडी सांभाळण्यासाठी. डिसेंबर २०२४ मध्ये एका मुख्यमंत्र्यांसोबत दोन उपमुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली. कोण ‘उप’ होणार हे निकालानंतर, जागांचा हिशेब मांडून ठरले.

मग आपल्याकडेही जोडी हवी का?

बाजूने मुद्दा सरळ आहे. नगराध्यक्ष गैरहजर असेल तर त्याचे काम उपाध्यक्ष पाहतो. पाणीपुरवठा, कचरा, बांधकाम, गणेशोत्सवाची व्यवस्था असे विषय कोणासाठी थांबत नाहीत. पाच वर्षांत ज्याच्याकडे हे अधिकार येऊ शकतात, त्याचे नाव मतदाराला आधी कळायला हवे.

विरोधातला मुद्दाही हलका नाही. थेट निवडलेल्या नगराध्यक्षावर अंकुश ठेवायला नगरसेवकांकडे जी मोजकी साधने आहेत, त्यात उपाध्यक्षाची निवड आहे. दोन्ही पदे एकाच जोडीला दिली तर सभागृहाचे वजन आणखी घटेल. शिवाय जोडी म्हटली की नवरा-बायको, काका-पुतणे अशा घरातल्याच जोड्या उभ्या राहण्याची भीती आहे.

कायदा बदलण्याची वाट न पाहताही यातले बरेच काही करता येते. गावातले पॅनेल निवडणुकीत सरपंचपदाचा उमेदवार जाहीर करते, तसे उपसरपंचपदाचे नावही जाहीर करू शकते. शहरातली आघाडी नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराबरोबर सांगू शकते की बहुमत आले तर उपाध्यक्ष कोण असेल, आणि पद वाटून घ्यायचे ठरले असेल तर कोणाला किती महिने. याला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही. मतदार विचारत नाही म्हणून ते सांगितले जात नाही.

विचारण्याची जागाही ठरलेली आहे. प्रचारफेरी आळीत येते, पत्रक हातात पडते, उमेदवार हात जोडतो. तेव्हा रस्ता आणि पाण्याच्या प्रश्नाला जोडून एवढेच विचारायचे: ‘तुम्ही नसाल तेव्हा कोण?’ १९६९ मध्ये दिल्लीला या प्रश्नाचे उत्तर शोधायला घाईने कायदा करावा लागला होता. पेण-रोह्याच्या मतदाराला त्यासाठी फक्त मतदानाच्या आधी तोंड उघडावे लागेल.